कचऱ्याला लावलेलं कुलूप

मी एकदा कचऱ्याला कुलूप लावलं होतं. छपाईची चूक नाही ही, माझी आहे. चांगलं पितळी, वजनदार, दोन किल्ल्यांचं कुलूप. परवा नातीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आजी, पण कचरा चोरणार कोण होतं?" नात सातवीत आहे. मी तेव्हा अडतीस वर्षांची होते, स्वच्छता निरीक्षकाची पदविका भिंतीवर चौकटीत लावलेली होती, आणि हा प्रश्न मला पडला नव्हता.

वऱ्हाडातल्या एका नगरपालिकेत माझी नोकरी. गावाचं नाव सांगत नाही. अजून तिथं मला ओळखणारे आहेत आणि मला अधूनमधून तिथल्या लग्नांना जायचं असतं. स्वच्छता निरीक्षक म्हणजे काय, हे लोकांना कधीच नीट कळलं नाही. माझ्या सासूबाई शेवटपर्यंत पाहुण्यांना "ती पालिकेत फिरतीवर असते" एवढंच सांगायच्या. खरं काम दोन ओळींचं आहे. गावानं टाकलेलं गावाबाहेर न्यायचं, आणि ते पुन्हा गावात येऊ द्यायचं नाही. पहिली ओळ ट्रॅक्टर करतो. दुसरी करायला अक्कल लागते, आणि ती माझ्याकडे पुरेशी आहे अशी माझी पक्की समजूत होती.

गळ्यात शिट्टी असायची. कुणी नालीत कचरा टाकताना दिसलं की मी शिट्टी फुंकायची. कामगार पाठीमागं मला 'शिट्टी'च म्हणत. "शिट्टी आली बे, झाडू हलव." मला ते माहीत होतं आणि आवडतही होतं. अशी ती बाई.

कापसावर अळी बसलेली आणि भावानं पाठ फिरवलेली, ती ही वर्षं. बाजारातलं खताचं पोतं परवडेना, म्हणून आसपासचे शेतकरी पुन्हा पालिकेच्या खताकडे वळले होते. आमचं खत म्हणजे गावाचाच कचरा. गावाबाहेर नाल्यापलीकडे डेपो होता, म्हणजे ओळीनं खणलेले लांबलचक खड्डे. त्यात एक थर कचऱ्याचा, एक शेणाचा, वर माती, की पुन्हा कचरा. दसऱ्याला भरलेला खड्डा वैशाखात उघडायचा. आत काळंभोर, भुसभुशीत, पावसाआधीच्या जमिनीसारखा वास येणारं खत. मग त्याचा हर्रास व्हायचा. खड्ड्याखड्ड्यानं बोली, आणि बैलगाड्यांची रांग.

ट्रॅक्टरच्या मागोमाग रोज सकाळी अकरा बायका डेपोवर यायच्या. हातात लोखंडी आकडा, पाठीवर पोतं. ट्रॉली उलटली की त्या ढिगावर वाकायच्या, प्लास्टिकच्या पन्न्या, काच, लोखंड, पुठ्ठा, हाडं वेचायच्या आणि दुपारपर्यंत निघून जायच्या. त्यांची म्होरकी कौसाबाई. उंच, काटक, कपाळावर रुपयाएवढं गोंदण. पाच वर्षं मी त्यांना रोज पाहत होते. नोंद मात्र माझ्या डोक्यात एकच होती : गर्दी.

आणि मग दिल्लीहून नवे नियम निघाले. घनकचऱ्याचे. 'घनकचरा' हा शब्दही आम्ही तेव्हाच पहिल्यांदा वाचला. तोवर आम्ही नुसता कचरा उचलत होतो. ओला-सुका वेगळा करा, वर्गीकरण करा, पुनर्वापर करा, कुंपण घाला, फलक लावा, अनधिकृत प्रवेश रोखा. यादीत जे सोपं ते आधी करायचं, ही सरकारी नोकरीची बाळगुटी. वर्गीकरणाला माणसं लागतात. कुंपणाला तार लागते. मी तार मागवली. दसऱ्याच्या सुमाराला फाटक बसवलं. पेंटरकडून फलक रंगवून घेतला, 'अनधिकृत व्यक्तींना प्रवेश नाही', आणि शेजारी उभं राहून फोटो काढून घेतला.

दुसऱ्या सकाळी अकराही जणी फाटकाबाहेर उभ्या.

"बाई, फाटक लागलं जी," कौसाबाई म्हणाली.

"लावलं आहे. वाचा ना फलक."

"वाचता नाई येत आमाले."

"मग कुणाकडून तरी वाचून घ्या. प्रवेश नाही."

"मंग आमी कुठी जावं?"

त्या अकरा चुली त्या फाटकाच्या आतल्या मालावर पेटत होत्या. हे मला कळायला हवं होतं; ती समोर उभी राहून सांगतच होती. मी काय केलं? शिट्टी वाजवली. आज आठवलं तरी कान गरम होतात.

कुलपाचा पहिला प्रसाद महिन्याभरातच मिळाला. नणंदेच्या नातवाच्या बारशाला मी अकोल्याला गेले. डेपोची किल्ली कमरेला. दुसरी किल्ली कार्यालयातल्या कपाटात, आणि कपाटाची किल्लीही माझ्याच कमरेला. मी अकोल्यात घुगऱ्या खात पाळणा म्हणत होते आणि इकडे भरलेली ट्रॉली बंद फाटकापासून परत फिरली. ड्रायव्हरनं ती नेऊन उभी केली नगराध्यक्षांच्या खिडकीखाली, पिंपळाच्या सावलीत. आदल्या दिवशी मासळीबाजार होता. परत आले तेव्हा अध्यक्षांनी एवढंच विचारलं, "बाई, बारसं छान झालं?"

तरी मी शहाणी झाले नाही. फक्त तिसरी किल्ली करून घेतली.

वैशाखात हर्रास आला. आमच्याकडे खत पारखायची एक रीत होती. शेतकरी खत हातात घेऊन दाबतात, हुंगतात, ते सगळीकडेच. इथं मात्र जो पहिली बोली लावणार, तो चपला काढून अनवाणी खड्ड्यावरून चालायचा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. खाली न बघता पलीकडे पोचला की खत चांगलं. मग बाकीचे बोलायला लागत. प्रयोगशाळेचा अहवाल आम्ही जोडत असू, पण तो कुणी मागितल्याचं मला आठवत नाही.

पहिला मान पुंडलिकरावांचा असायचा. अंजनगाव सुर्जीकडचे, पांढरं धोतर, तोंडात सदा पान. त्यांनी चपला काढल्या, खड्ड्यावर पाय ठेवला, तीन पावलं टाकली आणि थांबले. एक पाय उचलून तळव्यातून काहीतरी काढलं. मग वाकून मुठीत खत घेतलं आणि हिसका दिला. मुठीबरोबर हातभर लांब पन्नी बाहेर आली, तिच्यामागे सलाइनची नळी.

पुंडलिकराव परत आले आणि चपला घातल्या. मग एकेकानं, अगदी शांतपणे, बैल जुंपायला सुरुवात केली.

"अहो, थांबा ना. बोली तर लावा," मी म्हटलं.

"काहाची बोली लावू, बाई? हे खत नोय. वावरात टाकलं तं बैलाचे पाय कापतीन."

"कचरा तोच आहे हो. शेण तेच, माती तीच."

"असंन. पन मांगच्या साली साईवानी खत होतं. काय केलं तुमी?"

"काही नाही केलं!"

पुंडलिकराव निघता निघता कोपऱ्यातल्या एका खड्ड्यापाशी थबकले. तो दसऱ्याआधी भरलेला, मागं राहून गेलेला खड्डा. त्यांनी पुन्हा चपला काढल्या आणि पलीकडच्या टोकापर्यंत चालत गेले. "हे पाहा," तिथूनच ओरडले, "हे खत! हे कोनं केलं?"

हा प्रश्न मात्र डोक्यात रुतला. एकच गाव, एकच ट्रॅक्टर, तेच कामगार, आणि दोन शेजारच्या खड्ड्यांत असा फरक? माझा राग बाजूला पडला आणि मला नुसतं कुतूहल वाटायला लागलं. नोकरीत हे पहिल्यांदाच होत होतं. आधी मी दुकानदारांवर संशय घेतला, की या वर्षी पन्न्या जास्त वापरल्या. मग ड्रायव्हरवर. शेवटी एक ताजी टोपली कचरा मागवला, डेपोतल्या बाभळीखाली गोणपाट अंथरलं, पदर खोचला आणि स्वतः वेचायला बसले.

काय नव्हतं त्यात! केळीची सालं, चहाचा चोथा, न्हाव्याकडचे केस, तुटक्या बांगड्या, ब्लेडचं पान, दुधाची पिशवी, गुटख्याच्या पुड्या, कुणाच्या तरी परीक्षेचा नापास निकाल चार तुकड्यांत फाडलेला. (मी तो जुळवून पाहिला. गणितात गेला होता.) ओल्या भाजीला चिकटलेली पन्नी सोडवायची म्हणजे दुधावरची साय सुईनं काढण्यासारखं. काच बोटांना दिसते, डोळ्यांना नाही. नऊला बसले, जेवणाची सुट्टी झाली तेव्हा एक टोपली जेमतेम संपली होती आणि दोन बोटांना चिंध्या बांधल्या होत्या. गावातून रोज चार ट्रॉल्या येत.

टोपली बाजूला सारली आणि फाटकाकडे पाहिलं. कडीत कुलूप लटकत होतं. माझंच.

पदविकेच्या पुस्तकात खताचं तापमान होतं, ओलावा होता, थरांची जाडी इंचात होती. त्यातून काच कोण काढणार, हे कुठंच नव्हतं. मला वाटे, ती कुजत असावी.

कौसाबाईला शोधत रज्जाकभाईंच्या भंगाराच्या दुकानात गेले. रज्जाकभाई तराजूमागे बसलेले, दाढीला मेंदी, डोळ्यांत खट्याळपणा. मला पाहताच म्हणाले, "आइए मॅडम, ताला बेचने आए क्या? पितल को आजकल अच्छा भाव है."

"कौसाबाई कुठं आहे?"

"पीछे है. शिट्टी मत बजाना, भाग जाएगी."

मागच्या अंगणात ती एकटीच पुठ्ठे बांधत होती. बाकीच्यांचं विचारलं तर म्हणाली, चौघी रस्त्यावरच्या कुंड्यांवर कुत्र्यांशी भांडून राहिल्या, दोघी अमरावतीला गेल्या, राहिलेल्या वावरात मजुरीले जातात, पण यंदा मजुरी कुठी आहे? तिच्या आवाजात राग नव्हता. हवामान सांगावं तसं सांगितलं.

मी म्हटलं, "कौसाबाई, तुम्ही डेपोवर नेमकं काय करता, ते मला शिकवा."

तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तुमाले? काहून?"

"कळत नाही म्हणून."

हे उत्तर तिला पटलेलं दिसलं. पोत्यातून तिनं मूठभर पन्न्या काढल्या. "डोये मिटा." मी मिटले. कानाशी एक पन्नी चुरगळली. "आयका. हे खडखड वाजते, पापडावानी. हे येगळी. आता हे?" दुसरीचा आवाजच नव्हता, नुसती मऊ सळसळ. "हे दुधाची. नरम. हे पुन्ना वितयते." तिसरी कुठली ते मी दहादा चुकले. रज्जाकभाई दारातून हसत होते. बादलीत टाकलं तर कुठलं प्लास्टिक तरंगतं, कुठलं बुडतं. जाळून पाहिलं तर कशाला मेणबत्तीचा वास आणि कशानं डोळे चुरचुरतात. सगळं तिला येत होतं. अख्खा दिवस मी तिथं होते. नियमांत ज्याला 'वर्गीकरण' म्हटलं होतं, ते मी पहिल्यांदा पाहत होते. ते कानानं करतात.

मग मला कोपऱ्यातला ढीग दिसला. फवारणीच्या औषधाचे पांढरे डबे. प्रत्येकाच्या बुडाला तीन भोकं.

"ही भोकं कशाची?"

"आमची. डबा दिसला का पयले आकडा मारतो, मंगच पोत्यात. हात नाई लावत."

"कुणी सांगितलं?"

"कोन सांगीन?" ती पुठ्ठ्यांची गाठ आवळत म्हणाली. "माह्या भावजयीनं असाच डबा धुवून त्यात गोडं तेल ठेवलं होतं. पोरगी गेली तिची. भोक पाडलं का कोनी काई ठेवत नाई."

रज्जाकभाई आता हसत नव्हते. "बिना छेद का डब्बा मेरे यहाँ चलता नहीं, मॅडम. कायदा है हमारा."

गाव कापसाचं. फवारणीच्या दिवसांत कृषी केंद्रांमागच्या कुंड्या या डब्यांनी भरून जायच्या, आणि दसऱ्यापासून तिथं आकडा मारायला अकराऐवजी चौघीच उरल्या होत्या. मग ते गेले कुठं? मी शोधायला निघाले. फार लांब जावं लागलं नाही. बसस्थानकाजवळच्या चहाच्या टपरीवर, सावलीत, एक पांढरा डबा ठेवलेला होता, लेबल खरवडून स्वच्छ घासलेला, पिण्याच्या पाण्यानं भरलेला. रोज सकाळी मी तिथंच चहा घेत होते. आधी पाणी पिऊन.

कौसाबाईचा आकडा मी मागून आणला होता. विचारलंबिचारलं नाही, डबा उचलला, पाणी ओतलं आणि बुडात तीन घाव घातले. टपरीवाला बोंबलला, "अवो बाई, येडं लागलं काय तुमाले?" लोक जमले. डब्यात काय होतं ते मी सांगितल्यावर त्यातल्या दोघांनी गुपचूप आपापल्या घराची वाट धरली. का, ते त्यांच्या चालण्याच्या वेगावरून कळलं. इतक्या वर्षांत मी नोटिसा खूप बजावल्या होत्या. कारवाई ही पहिलीच.

आता फाटक उघडायचं होतं. पण सरकारी कुलूप लावायला एक सही पुरते आणि काढायला फाईल लागते. आमचे मुख्याधिकारी तरुण होते, सभ्य होते, आणि घाबरट होते.

"मॅडम, या बायकांना आत घ्यायचं कोणत्या नियमाखाली?"

"साहेब, वर्गीकरण बंधनकारक आहे. आपल्याकडे ते येणारं कुणी नाही. मलाही येत नाही, मी बोटं कापून घेतली आहेत."

"पण फलकावर तर अनधिकृत व्यक्तींना..."

"मग त्यांना अधिकृत करू. ओळखपत्र देऊ."

"ओळखपत्र द्यायचे अधिकार आपल्याला आहेत का?"

"नाहीत असं कुठं लिहिलंय, ते मला सापडलं नाही. तुम्हीही शोधा. तोवर मी फोटो काढून घेते."

अमरावतीला गेलेल्या दोघींना निरोप धाडून बोलावलं. अकरा जणी फोटो स्टुडिओत गेल्या. एकीनं पावडर लावली म्हणून दुसऱ्या दहा जणींनी लावली. सगळ्या फोटोंत चेहरे पांढरे आणि कान काळे. कार्डं मी घरी बसून लिहिली आणि कार्यालयाचा गोल शिक्का मारला. मला 'कारणे दाखवा' नोटीस आली. मी कारण म्हणून ती नळीवाली पन्नी पाकिटात घालून जोडली. फाईल पुन्हा परत आली नाही, बहुतेक वासामुळं.

पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते, कारण त्यावर लेख थांबवायची माझी इच्छा नाही. खत पुन्हा नीट झालं. पुंडलिकराव चपला हातात घेऊन सगळे खड्डे फिरले. बरीच वर्षं हे चाललं. नंतर ठेका निघाला. ठेकेदाराला पैसे कचऱ्याच्या वजनावर. म्हणजे ढिगातून कुणी काही वेचून नेलं की त्याचं नुकसान. नियमांची पुस्तकं जाड झाली होती, त्यांत आता वेचणाऱ्यांचं नावही छापून आलं होतं, आणि फाटकावर मात्र ठेकेदाराचा माणूस बसला. मी त्याविरुद्ध दोन टिपण्या लिहिल्या. तिसरी लिहायला हवी होती. निवृत्तीला वर्ष उरलं होतं, पेन्शनचे कागद त्याच टेबलावरून जायचे होते, आणि मी ती लिहिली नाही. शिट्टीवाली बाई मूर्ख होती, पण भित्री नव्हती. तेवढ्यापुरती ती माझ्यापेक्षा बरी.

तर, फाटक उघडलं त्या सकाळबद्दल.

मी इस्त्रीची साडी नेसून हजर. कुलूप स्वतःच्या हातानं काढलं. अकरा जणींच्या गळ्यात कार्डं घातली. मनातल्या मनात मी एक छोटंसं भाषणही तयार ठेवलं होतं. त्यात 'माझ्या हातून अनवधानानं' असे शब्द होते. खरं सांगायचं तर मला वाटत होतं, बायका रडतील. निदान कुणीतरी हात तरी धरेल. त्या कार्डं पोलक्यात खोचून सरळ ढिगावर गेल्या, कारण ट्रॉली उलटली होती आणि चांगला माल खाली दबतो. मी ऊन लागेपर्यंत उभी राहिले. शेवटी कौसाबाई पोतं पाठीवर टाकून माझ्याकडे आली. मला वाटलं, आता. मी भाषणाला तोंड उघडलं, तेवढ्यात तीच म्हणाली :

"बाई, येक इचारू? राग नोका मानू. पाच वर्सं आमी तुमच्या डोयासमोर वेचून राह्यलो होतो. तुमाले काय वाटे, पन्न्या काय पाखरं घेऊन जात होते?"